प्रथिनांची जंत्री

पानिपतच्या रणसंग्रामाचा दिवस इंग्रजी पद्धतीने १४ जानेवारी १७६१ असा लिहिला जातो. मराठी कागदांत तोच दिवस शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी असा येतो. फारसी अखबारांच्या गणनेने तो हिजरी सन ११७४ मध्ये पडतो. आणि पेशव्यांच्या कारकुनांनी लिहिलेल्या पत्रांत त्या वर्षाचा निर्देश ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर सन ११६१, असा होतो. दिवस एकच, परंतु त्याची नावे चार. ज्याच्यापाशी जंत्री नाही, त्याला हे कागद चार वेगवेगळ्या काळांतील वाटण्याचा संभव आहे. जंत्री हा ग्रंथ कोणी हौसेने वाचीत नाही. तथापि ती हाताशी नसेल तर पुण्याचे, ग्वाल्हेरचे किंवा बडोद्याचे दफ्तर कितीही समृद्ध असले, तरी त्याचा इतिहास होत नाही. नुसती कागदांची रास राहते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवरसायनशास्त्रावर नेमका असाच प्रसंग ओढवला. प्रथिनांविषयीचे ज्ञान दोन स्वतंत्र दफ्तरांत साठत गेले, दोन्ही दफ्तरे भरभराटीस आली, आणि मग ध्यानात आले की एकातील क्रमांक दुसऱ्यातील क्रमांकाशी जुळत नाही. ही जुळणी करणारी जंत्री कशी तयार झाली आणि तिच्यावाचून काय अडले असते, हा आधुनिक विज्ञानाच्या इतिहासातील फारसा न सांगितला गेलेला भाग आहे.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एक लांब साखळी. माळेतील मण्यांप्रमाणे ही आम्ले एकापुढे एक गुंफलेली असतात. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी येतो, हा झाला त्या प्रथिनाचा क्रम. परंतु ही माळ सरळ राहत नाही. ती आपल्यापुरती विशिष्ट रीतीने वळते, दुमडते आणि तिला एक निश्चित आकार प्राप्त होतो. ही झाली त्याची रचना. प्रथिन आपले काम करते ते या आकाराच्या बळावर, आणि हा आकार ठरतो तो क्रमावरून. म्हणून क्रम आणि रचना ही एकाच वस्तूची दोन वर्णने होत. मात्र ती मिळविण्याचे मार्ग सर्वस्वी भिन्न होते, ती मिळविणारी माणसेही भिन्न होती.

क्रमाचा मार्ग रसायनशास्त्राचा. केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनचे तुकडे करून, ते तुकडे ओळखून आणि पुन्हा जुळवून १९५५ पर्यंत त्याचा संपूर्ण क्रम निश्चित केला. इन्सुलिनच्या दोन साखळ्या असतात : ‘ए’ साखळीत २१ आणि ‘बी’ साखळीत ३० अमिनो आम्ले. प्रत्येक प्रथिनाला स्वतःचा असा ठाम क्रम असतो, ही गोष्ट या कामाने प्रथम निर्विवाद सिद्ध झाली. १९५८ मध्ये सँगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रचनेचा मार्ग भौतिकशास्त्राचा. प्रथिनाचा स्फटिक करावयाचा, त्यावर क्ष-किरण टाकावयाचे आणि ते किरण कसे विखुरतात यावरून अणूंची जागा गणिताने शोधावयाची. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाची क्ष-किरण छायाचित्रे १९३५ मध्येच घेतली होती. परंतु त्यांतून प्रत्यक्ष रचना उलगडण्यास १९६९ साल उजाडावे लागले. ऑक्सफर्डच्या ज्या मंडळींनी हे काम पुरे केले, त्यांत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते. म्हणजे इन्सुलिनचा क्रम आणि त्याची रचना यांच्या शोधांमध्ये चौदा वर्षांचे अंतर पडले.

दोन्ही मार्गांचे प्रवासी एकमेकांस प्रथम भेटले ते मायोग्लोबिन या प्रथिनाच्या निमित्ताने. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवून ठेवणारे हे प्रथिन जॉन केंड्रू यांनी स्पर्म देवमाशाच्या मांसातून मिळविले होते, आणि १९६० मध्ये त्याची रचना त्यांनी पुष्कळ बारकाव्याने पाहिली. त्याच वेळी अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्क येथे एडमंडसन आणि हर्स हे रासायनिक पद्धतीने त्याच प्रथिनाचा क्रम शोधीत होते. १९६१ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन्ही गटांचे लेख लागोपाठ प्रसिद्ध झाले. १५३ मण्यांच्या या साखळीत कोठे रसायनाने सांगितलेले अक्षर क्ष-किरणांच्या चित्राशी जुळले, कोठे एकाने दुसऱ्याची शंका दूर केली. क्रम आणि रचना यांचा अक्षरशः मणी-मणी ताडून घेतलेला हा पहिला मेळ होय. तो हाताने घातला गेला, कारण तेव्हा प्रथिनेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

पुढे ही स्थिती राहिली नाही. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी तोवर ठाऊक झालेले ६५ प्रथिनांचे क्रम गोळा करून १९६५ मध्ये एक संग्रहग्रंथ छापला. प्रत्येक अमिनो आम्लासाठी एकच अक्षर वापरण्याची आज सर्वत्र रूढ असलेली सोयही त्यांचीच. रचनांसाठी १९७१ मध्ये लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ‘प्रोटीन डेटा बँक’ स्थापन झाली. वॉल्टर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने, केंब्रिजच्या स्फटिक-माहिती केंद्राच्या सहकार्याने सुरू झालेल्या या पेढीत आरंभी अवघ्या सात रचना होत्या. प्रत्येक अणूची नोंद ऐंशी रकान्यांच्या एका ओळीत बसविली जाई, कारण त्या काळच्या छिद्रित पत्रिकेवर तेवढेच रकाने मावत. १९८६ मध्ये जिनिव्हा येथे आमोस बैरोख या तरुण अभ्यासकाने ‘स्विस-प्रॉट’ हा क्रमांचा काळजीपूर्वक तपासलेला संग्रह सुरू केला. पुढे डेहॉफ यांच्या परंपरेतील संग्रह आणि स्विस-प्रॉट यांना एकत्र आणून २००२ मध्ये ‘युनिप्रॉट’ हा संघ उभा राहिला.

अशा रीतीने दोन दफ्तरे सिद्ध झाली. क्रमाच्या दफ्तरात साखळीचा पहिला मणी म्हणजे जनुकाच्या आज्ञेप्रमाणे पेशीने गुंफलेला पहिला मणी. रचनेच्या दफ्तरात मात्र पहिला मणी कोणता, हे रचना शोधणाऱ्याने ठरवावयाचे. येथेच घोळाचे मूळ आहे.

इन्सुलिनचेच उदाहरण घेतले तर ही गोष्ट स्पष्ट होते. १९६७ मध्ये शिकागो येथे डोनाल्ड स्टायनर यांनी असे दाखवून दिले की इन्सुलिनच्या दोन साखळ्या शरीरात वेगवेगळ्या तयार होत नाहीत. आधी एकच लांब साखळी होते आणि मग तिचा मधला भाग कापून टाकला जातो. मानवी जनुक ज्या मूळ साखळीची आज्ञा देतो तिच्यात ११० मणी असतात. पहिले २४ मणी केवळ वाट दाखविण्यापुरते असतात व ते गळून पडतात. नंतर ‘बी’ साखळी येते, २५ ते ५४; आणि शेवटी ‘ए’ साखळी, ९० ते ११०. रचनेच्या नोंदीत मात्र ‘ए’ आधी, ‘बी’ नंतर, आणि दोहोंचेही मोजमाप १ पासून. तेव्हा एका दफ्तरातील ‘ए’ साखळीचा तिसरा मणी तो दुसऱ्या दफ्तरातील ९२ वा. दोन्ही क्रमांक बरोबरच आहेत. फक्त ते एकाच मण्याचे आहेत, हे सांगणारे कोणी तरी हवे.

हा केवळ कारकुनी घोळ आहे असे कोणास वाटेल. परंतु हिमोग्लोबिनचा इतिहास पाहिला म्हणजे त्यातील धोका कळून येतो. सिकलसेल या व्याधीत रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. या व्याधीचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. १९५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष नेमका एका मण्याचा असल्याचे सिद्ध केले : बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. तेव्हापासून वैद्यकाच्या पुस्तकांतून ‘सहावे स्थान’ हेच शब्द रूढ झाले. पुढे जनुके वाचता येऊ लागली. जनुकाच्या आज्ञेत साखळीचा आरंभ मेथिओनिन या मण्याने होतो, आणि तो मणी पेशी नंतर काढून टाकते. तो मोजला की पूर्वीचे सहावे स्थान सातवे होते. जनुकातील बदल नोंदविण्याचे जे आंतरराष्ट्रीय संकेत ठरले, त्यांप्रमाणे आज हे स्थान सातवेच लिहिले जाते.

आता यातील खोच अशी की जुन्या मोजणीतही सातव्या स्थानी ग्लुटामिक आम्लच आहे. ते दोन मणी शेजारी शेजारी आहेत. नव्या अहवालातील ‘सात’ हा आकडा जुन्या क्रमांकांच्या रचनेवर ठेवणाऱ्याला तेथे अपेक्षित अक्षरच सापडेल, आणि आपण शेजारच्या घरात शिरलो आहोत याची त्याला शंकाही येणार नाही. चूक स्वतः ओरडून सांगत नाही, तेव्हा ती सर्वांत घातक असते. भारतात ही व्याधी प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळली. विदर्भ, नंदुरबार, मध्य प्रदेश, गुजरात या भागांतील अनेक समाजांत ती आजही कुटुंबांना छळते, आणि २०२३ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या व्याधीवरील औषध शोधताना दोषाचा मणी रेणूच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यात बसतो, हे पाहावेच लागते. म्हणून सहा आणि सात यांतील फरक हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय राहत नाही.

रक्त गोठविणाऱ्या थ्रॉम्बिनची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९६० नंतरच्या दशकात केंब्रिज येथे कायमोट्रिप्सिन या पाचक प्रथिनाचा क्रम आणि रचना दोन्ही उलगडली. त्यात प्रत्यक्ष काम करणारे तीन मणी ५७, १०२ आणि १९५ या क्रमांकांवर आहेत. पुढे त्याच कुळातील इतर प्रथिनांच्या रचना मिळू लागल्या, तेव्हा अभ्यासकांनी सोयीसाठी कायमोट्रिप्सिनचेच क्रमांक सर्वांना लावले. म्हणजे कोणत्याही भावंडात १९५ म्हटले की तोच कर्ता मणी. परंतु थ्रॉम्बिनच्या साखळीत मध्येच काही जादा मणी आहेत. १९८९ मध्ये म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीड येथे वोल्फ्राम बोडे आणि सहकाऱ्यांनी मानवी थ्रॉम्बिनची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा साठ क्रमांकानंतरच्या नऊ जादा मण्यांना ६० ए, ६० बी, ६० सी अशी नावे मिळाली. जुन्या पेठेत दोन घरांच्या मध्ये नवे घर उभे राहिले म्हणजे त्याला ‘६० अ’ असा क्रमांक देतात, त्यातलाच हा प्रकार. याचा परिणाम असा झाला की थ्रॉम्बिनमधील एकच सेरीन कुळाच्या मोजणीने १९५ वा, गळणारा आरंभीचा भाग सोडून मोजले तर ५२५ वा, आणि जनुकाच्या पहिल्या अक्षरापासून मोजले तर ५६८ वा ठरतो. मणी एक आणि नावे तीन. तिन्ही नावे छापील ग्रंथांत प्रतिष्ठेने नांदत आहेत.

एवढ्यावर अडचण संपत नाही. साखळीचा एखादा सैल भाग स्फटिकात हलत राहतो व क्ष-किरणांना दिसत नाही. तेथे रचनेच्या नोंदीत खंड पडतो. प्रथिन शुद्ध करणे सोपे जावे म्हणून प्रयोगशाळेत त्याच्या टोकाला सहा हिस्टिडीनचे शेपूट जोडतात. ते निसर्गातील प्रथिनाचे नसते. कधी मुद्दाम एखादा मणी बदललेला असतो, कधी दोन वेगवेगळ्या प्रथिनांचे तुकडे सांधून एक साखळी बनविलेली असते. उलट बाजूने क्रमाचे दफ्तरही स्थिर नसते. तेथे चुका दुरुस्त होतात, दोन नोंदी एकत्र केल्या जातात, काही रद्द होतात. म्हणजे एकदा जुळणी केली आणि काम झाले, असे येथे होत नाही. केलेली जुळणीही कालांतराने शिळी होते.

त्यातच तिसरे एक दफ्तर भर घालू लागले. पुष्कळ प्रथिने अनेक स्वतंत्र घटकांची बनलेली असतात. प्रत्येक घटक आपापली घडी आपणच घालतो, आणि तोच घटक अन्य प्रथिनांतही आढळतो. यांना डोमेन म्हणतात. थ्रॉम्बिनच्या मूळ साखळीतच एक कॅल्शियम धरणारे डोमेन आहे, पुढे ‘क्रिंगल’ नावाची दोन आहेत, आणि शेवटी कायमोट्रिप्सिनच्या कुळातले कर्ते डोमेन आहे. त्यांपैकी क्रिंगलला हे नाव डेन्मार्ककडील एका वळ्या-वळ्यांच्या मिठाईवरून पडले. केंब्रिजच्या ‘स्कॉप’ने १९९५ मध्ये आणि लंडनच्या ‘कॅथ’ने १९९७ मध्ये डोमेनांचे वर्गीकरण रचनेवरून प्रसिद्ध केले; १९९७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘पीफॅम’ने ते क्रमावरून केले. पहिल्या दोघांच्या सीमा रचनेच्या क्रमांकांत, तिसऱ्याच्या क्रमाच्या क्रमांकांत. जंत्रीवाचून या तिघांचे बोलणे एकमेकांना कळणे कठीण होते.

ही जंत्री केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन या खेड्यात तयार झाली. तेथील युरोपीय जैवमाहिती संस्थेत रचनांचे काम पाहणारा गट आणि युनिप्रॉटचा गट हे एकाच आवारात होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दोघांनी मिळून प्रत्येक रचनेतील प्रत्येक साखळीचा प्रत्येक मणी युनिप्रॉटच्या क्रमाशी जोडण्याचे काम हाती घेतले. त्यास ‘सिफ्ट्स’ हे नाव मिळाले. रचना, कार्य, जीवजातींचे वर्गीकरण आणि क्रम यांचा मेळ, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. आणि इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चाळून घेणे असाही होतो. हेच काम अँड्र्यू मार्टिन यांनीही स्वतंत्रपणे करून २००५ मध्ये प्रसिद्ध केले होते, यावरून त्याची निकड किती व्यापक होती हे दिसते. सिफ्ट्सचे सविस्तर वर्णन २०१३ मध्ये ‘न्यूक्लिक ॲसिड्स रिसर्च’ या नियतकालिकात आले. त्या लेखावर पहिले नाव समीर वेलणकर यांचे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून १९९७ मध्ये हिवतापाच्या परजीवीतील एका महत्त्वाच्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली, तिच्या लेखावरही पहिले नाव त्यांचेच होते. रचना स्वतः शोधलेल्या माणसाने रचनांची जंत्री करण्यास बसावे, हे योग्यच म्हटले पाहिजे.

सिफ्ट्सची रीत सांगावयास सोपी आहे. रचनेच्या नोंदीतून साखळीचा क्रम आणि जीवजात घ्यावयाची, युनिप्रॉटमध्ये तिची जोडीदार नोंद शोधावयाची, मग दोन्ही माळा शेजारी ठेवून मण्यास मणी लावावयाचा. जेथे अक्षर जुळत नाही तेथे तो मुद्दाम केलेला बदल आहे, की जोडलेले शेपूट आहे, की दोहोंतील खरा मतभेद आहे, याची नोंद करावयाची. जेथे मणी दिसलेलाच नाही तेथे तसे लिहावयाचे. बहुतेक काम संगणक करतो. परंतु जेथे संशय येतो तेथे जाणत्या माणसाने डोळ्यांखालून घालून निर्णय द्यावयाचा. एकदा मण्याशी मणी बांधला गेला की पीफॅम, इंटरप्रो, स्कॉप, कॅथ आणि जीवजातींची सूची ही सर्व दफ्तरे त्याच दोऱ्यात ओवता येतात. डेटा बँकेत नव्या रचना दर आठवड्यास दाखल होतात, म्हणून ही जंत्रीही दर आठवड्यास नवी केली जाते. २०१९ मध्ये एकाच जनुकापासून निघणाऱ्या प्रथिनांच्या पर्यायी रूपांचाही समावेश तिच्यात झाल्याचे प्रसिद्ध झाले.

अशा कामास कीर्ती मिळत नाही, आणि द्रव्यबळही सहजासहजी मिळत नाही. १९९६ मध्ये खुद्द स्विस-प्रॉटवर निधीअभावी बंद पडण्याचा प्रसंग आला होता. जगभरातील संशोधकांनी आवाज उठविला, आणि १९९८ मध्ये स्विस जैवमाहिती संस्था स्थापन होऊन तो संग्रह वाचला. नव्या शोधाला पैसा देणारे पुष्कळ असतात. जुन्या शोधांची निगा राखणाऱ्याला मात्र दरवर्षी हात पसरावा लागतो.

तरीही या निगेची फळे अनपेक्षित ठिकाणी दिसतात. सातांपासून सुरू झालेल्या डेटा बँकेतील रचनांची संख्या २०२३ च्या आरंभी दोन लाखांच्या वर गेली. याच रचना आणि क्रमांचे विशाल संग्रह अभ्यासून ‘अल्फाफोल्ड’ हा संगणकीय कार्यक्रम नुसत्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधण्यास शिकला. २०२२ पर्यंत अशा वीस कोटींहून अधिक अंदाजांचा संग्रह खुला झाला, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या कामाचाही गौरव झाला. हे अंदाज युनिप्रॉटच्या क्रमांकांप्रमाणे मांडलेले आहेत. प्रयोगाने मिळालेल्या रचना आपापल्या जुन्या क्रमांकांत आहेत. अंदाज खरा की खोटा हे ताडून पाहावयाचे, तर दोहोंच्या मध्ये जंत्री उघडावीच लागते.

१९६१ मध्ये देवमाशाच्या एका प्रथिनाचे १५३ मणी जुळविण्यास दोन देशांतील नामवंत शास्त्रज्ञ लागले होते. आज तेच काम लाखो साखळ्यांसाठी दर आठवड्यास होते, आणि त्याचा लाभ घेणाऱ्या बहुतेकांना ते कोण करते हेही ठाऊक नसते. औषधाचा अभ्यासक संगणकाच्या पडद्यावर रुग्णाच्या जनुकातील दोषाच्या क्रमांकावर बोट ठेवतो आणि रेणूतील नेमका तोच मणी उजळून निघतो. ‘सात’ म्हटल्यावर शेजारचा मणी उजळत नाही. जुन्या पत्रावरील सुहूर सन वाचून इतिहासकार निःशंकपणे इसवी सन लिहितो, तेव्हा त्यालाही जंत्रीकाराची आठवण क्वचितच होते. जंत्री बरोबर असल्याची खूण हीच, की तिच्याकडे पुन्हा वळून पाहावे लागत नाही.